समाजाच्या हितासाठी तंत्रज्ञान: टीयू बर्लिनची मूल्ये कागदावर आणि कामात

धागालेखक: स्प्रेकाठ

जर्मनीत अभियांत्रिकी शिकायला येऊ पाहणाऱ्या मराठी मुलांशी बोलताना विद्यापीठांची क्रमवारी, फी आणि नोकरी यांची चर्चा पुष्कळ होते. विद्यापीठ स्वतः कशासाठी आहे असे मानते, याची चर्चा जवळजवळ होतच नाही. दोष मुलांचा नाही. प्रत्येक माहितीपत्रकाच्या सुरुवातीला ध्येयधोरणाचे जे पान असते ते इतके गुळगुळीत असते की एका विद्यापीठाचे पान दुसऱ्याच्या नावाने छापले तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचे, म्हणजे टीयू बर्लिनचे, मुख्य वाक्यही वरवर पाहता त्याच जातीचे आहे: विज्ञान आणि तंत्रज्ञान समाजाच्या हितासाठी पुढे न्यायचे. या एका विद्यापीठाच्या बाबतीत मात्र ते वाक्य पोकळ नाही असे माझे मत आहे. ते कागदावर येण्याच्या कितीतरी आधी त्याची किंमत मोजून झाली होती, आणि त्यातून काही नियम, काही संस्था आणि काही अभ्यासक्रम उभे राहिले, जे आजही हात लावून तपासता येतात.

1799 साली स्थापन झालेली स्थापत्य अकादमी आणि 1821 मध्ये सुरू झालेली उद्योगशिक्षणाची शाळा यांचे 1879 मध्ये एकत्रीकरण झाले आणि शार्लोटेनबुर्गची शाही तंत्रशिक्षण संस्था जन्माला आली. त्या काळच्या जुन्या विद्यापीठांच्या लेखी अभियंता म्हणजे फार तर शिकलेला कारागीर. सम्राट दुसरा विल्हेल्म याने 1899 मध्ये प्रशियातील तांत्रिक संस्थांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार दिला, तेव्हाही जुन्या विद्यापीठांनी नाके मुरडली होती. ज्या सत्तेने आपल्याला विद्वानांच्या पंक्तीला बसवले तिची सेवा करणे हेच आपले कर्तव्य, असे मानणाऱ्या अभियंत्यांच्या पिढ्या त्यानंतर येथे घडल्या, असे मला वाटते. पुढची घसरण या मानाच्या भुकेशिवाय समजत नाही.

1933 मध्ये नाझी सत्तेवर आले. यंत्रसाधने आणि कारखाना व्यवस्थापन या विषयाचे 1904 पासूनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर हे ज्यू होते. आधुनिक उत्पादन अभियांत्रिकीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. त्यांना त्याच वर्षी अटक झाली, पद गेले आणि शेवटी देश सोडावा लागला. 1925 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले गुस्ताव हेर्ट्झ येथे भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचे घराणे मुळात ज्यू असल्यामुळे त्यांनाही 1930 च्या दशकाच्या मध्यावर बाहेर पडावे लागले. दुसरीकडे याच संस्थेत युद्धतंत्रज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली आणि ग्रुनेवाल्डच्या जंगलात तिच्या भव्य इमारतीची पायाभरणी 1937 मध्ये हिटलरच्या हस्ते झाली. ती इमारत कधीच पूर्ण झाली नाही. युद्धानंतर बर्लिनचा ढिगारा तिच्यावर ओतला गेला. आज पर्यटक ज्या टॉयफेल्सबेर्ग टेकडीवर चढून शहर पाहतात, तिच्या पोटात ही विद्याशाखा गाडलेली आहे. हिटलरचा वास्तुविशारद आणि पुढे शस्त्रास्त्रमंत्री झालेला आल्बेर्ट श्पेअर आणि नाझींसाठी व्ही-2 क्षेपणास्त्र घडवणारा वेर्नर फॉन ब्राउन हे दोघेही याच संस्थेत शिकले, हेही येथे नमूद करायला हवे.

संस्था एप्रिल 1945 मध्ये बंद पडली आणि 9 एप्रिल 1946 रोजी, दोस्त राष्ट्रांनी वाटून घेतलेल्या बर्लिनच्या ब्रिटिश विभागात, पुन्हा उघडली, ती नव्या नावाने. नावात 'विद्यापीठ' हा शब्द असलेली ही जर्मनीतील पहिली तांत्रिक संस्था. ब्रिटिश विभागाचे सेनाधिकारी मेजर जनरल एरिक नेअर्स यांनी त्या दिवशी केलेल्या भाषणाचा रोख असा होता की तंत्रशिक्षणानेही संपूर्ण माणूस घडवला पाहिजे, नुसता हुशार तंत्रज्ञ नव्हे. हे भाषणापुरते राहिले नाही. अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मानव्यविद्येचे विषय सक्तीचे झाले आणि 1950 मध्ये त्यासाठी स्वतंत्र विद्याशाखा निघाली. सक्ती पुढे गेली, पण विद्याशाखा टिकली. आजच्या रचनेत मानव्यविद्या आणि शिक्षणशास्त्राची शाखा ही पहिल्या क्रमांकाची शाखा आहे, आणि ज्यूद्वेषाचा अभ्यास करणारे केंद्र 1982 पासून या तांत्रिक विद्यापीठातच आहे.

जर्मनीत शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या सदस्यांनी आपापल्या विद्यापीठांचा अनुभव येथे मांडावा. ध्येयधोरणातील एखादे वाक्य व्यवहारात कोणत्या नियमाने बांधलेले आहे, हे सांगितलेत तर चर्चा नेमकी राहील.

मोजपट्टी

लेख आवडला, पण 1946 च्या प्रसंगाला आपण फार गुण दिले आहेत असे वाटते. ते मूल्य विद्यापीठाने निवडले नव्हते. जिंकलेल्या सेनेने ते वरून लादले होते. हरलेल्या देशातील संस्थेला परवानगी हवी असेल तर ती नेअर्ससाहेबांच्या म्हणण्याला मान डोलावणारच. शिवाय पश्चिम जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत नाझी काळातले बरेच प्राध्यापक काही वर्षांत आपापल्या खुर्च्यांवर परत आले. मानव्यविद्येच्या तासाला बसलेल्या विद्यार्थ्याला शेजारच्या वर्गात तीच जुनी मंडळी शिकवत असतील, तर त्या तासाचा अर्थ काय उरतो? सक्ती काढून टाकली गेली हे आपणच लिहिले आहे. म्हणजे बाहेरचा दाब ओसरल्यावर मूल्यही ओसरले, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर द्याल?

स्प्रेकाठ

मोजपट्टी, आक्षेप रास्त आहे. 1946 चा बदल लादलेला होता हे मला मान्य आहे. म्हणून मी 1991 चे उदाहरण देतो, कारण तेथे परिस्थिती नेमकी उलटी होती.

एप्रिल 1946 मध्येच दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने 25 क्रमांकाचा कायदा करून जर्मनीतील लष्करी संशोधनावर बंदी घातली. पश्चिम जर्मनी 1950 च्या दशकात सार्वभौम झाल्यावर तेथील विद्यापीठांवरचे हे बंधन सुटले, परंतु पश्चिम बर्लिन दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातच राहिल्यामुळे तेथील विद्यापीठांत शस्त्रास्त्रांशी संबंधित संशोधन 1990 पर्यंत होऊ शकत नव्हते. एकीकरणाबरोबर ही बंदी आपोआप संपली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच टीयू बर्लिनला हवे ते करण्याची मोकळीक मिळाली, आणि एखाद्या अभियांत्रिकी विद्यापीठाला संरक्षण उद्योगाच्या पैशाचा मोह पडणे अगदी स्वाभाविक होते. त्या वेळी, 1991 मध्ये, विद्यापीठाच्या अकादमिक सिनेटने स्वतःहून ठराव केला की येथे शस्त्रास्त्र संशोधन करायचे नाही. बाहेरून कोणी सांगितले नव्हते. अशा नियमांना जर्मनीत 'झिविलक्लाउझेल' म्हणतात. आपण नागरी कलम म्हणू. ब्रेमेन विद्यापीठाने 1986 मध्ये असा पहिला ठराव केला होता आणि आज सुमारे 70 उच्च शिक्षण संस्थांत या ना त्या रूपात असे कलम आहे.

दाब ओसरल्यावर मूल्य ओसरले का, याचे माझे उत्तर हा ठराव आहे. तो सर्वस्वी पाळला गेला असा दावा मात्र मी करणार नाही.

कोथरूड_ते_कार्ल्सरूह

कार्ल्सरूहचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि मला वाटते अधिक बोधक. कार्ल्सरूह तंत्रज्ञान संस्था, म्हणजे केआयटी, 2009 मध्ये दोन संस्था जोडून तयार झाली: एक 1825 पासूनचे तांत्रिक विद्यापीठ आणि दुसरे शहराबाहेरचे मोठे राष्ट्रीय संशोधन केंद्र, जे अणुसंशोधनासाठी उभारले गेले होते. संशोधन केंद्राच्या नियमांतच शांततामय उद्देशांची अट होती; विद्यापीठाला तशी अट नव्हती. जोडणीच्या वेळी ही अट सगळ्या संस्थेला लागू करावी यासाठी विद्यार्थ्यांनी मतदान घेतले आणि बहुमताने कौल दिला. तो कौल मानला गेला नाही. परिणामी एकाच संस्थेचा एक भाग नागरी कलमाने बांधलेला आणि दुसरा मोकळा, अशी स्थिती राहिली. पुढे संस्थेने नैतिक मार्गदर्शक तत्त्वे केली, पण ठराव आणि मार्गदर्शक तत्त्वे यांतला फरक ज्याने कधी समितीत बसून पाहिले आहे त्याला सांगावा लागत नाही.

या परिसरात जाण्यायेण्याच्या वाटेवर एक रस्ता आहे, त्याचे नाव फ्रिट्झ हाबर मार्ग. हाबर यांनी कार्ल्सरूहमध्येच अमोनियाचे संश्लेषण यशस्वी केले. 1909 मध्ये त्याचे प्रात्यक्षिक बीएएसएफ या कंपनीच्या प्रतिनिधींसमोर झाले. आज जगातील निम्म्या लोकांच्या ताटातले अन्न त्या प्रक्रियेतून निघालेल्या खतावर अवलंबून आहे असे म्हटले जाते. तोच अमोनिया पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी वापरला गेला, आणि 1915 मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडण्याच्या कामात हाबर स्वतः पुढे होते. त्या रस्त्यावरून रोज वर्गात जाणाऱ्या विद्यार्थ्याला 'तंत्रज्ञानाचा हेतू आणि त्याचा उपयोग' हा विषय वेगळा शिकवण्याची गरज नसावी, असे मला वाटायचे. प्रत्यक्षात बहुतेकांना तो केवळ पत्ता असतो.

टॉलरन्स_शून्य

मी स्वतः संवेदकांच्या क्षेत्रात काम करतो आणि नागरी कलमाच्या विरोधात आहे, तेव्हा माझी बाजूही ऐकावी.

पहिली गोष्ट कायद्याची. जर्मन राज्यघटनेच्या पाचव्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात विज्ञान, संशोधन आणि अध्यापन स्वतंत्र आहे असे निःसंदिग्ध लिहिले आहे. ते स्वातंत्र्य प्राध्यापकाचे व्यक्तिगत आहे. सिनेटच्या बहुमताने एखाद्या प्राध्यापकाला 'हा विषय घेऊ नकोस' असे सांगणे त्या स्वातंत्र्यात बसत नाही, असे मानणारे विधिज्ञ पुष्कळ आहेत. राजकीय वारेही आता त्याच दिशेचे आहेत. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने 2014 मध्ये आपल्या उच्च शिक्षण कायद्यात शांततेच्या कर्तव्याची तरतूद केली आणि 2019 मध्ये ती काढली. बायर्नने तर 2024 च्या कायद्याने आपल्या विद्यापीठांना नागरी कलम ठेवायलाच मनाई केली आणि लष्कराशी सहकार्याचा आग्रह धरला.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. माझ्या टेबलावर ठेवलेला जडत्वमापक, म्हणजे हालचाल मोजणारा संवेदक, पाहून तो रुग्णाच्या कृत्रिम गुडघ्यात जाणार की क्षेपणास्त्रात, हे कोणीही सांगू शकत नाही. गणिताचे सूत्र तेच, चकती तीच, कॅलिब्रेशनचा तक्ताही तोच. फरक फक्त पैसे देणाऱ्याच्या नावात. 2013 मध्ये जर्मन माध्यमांनी उघड केले की किमान 22 जर्मन उच्च शिक्षण संस्थांना अमेरिकी संरक्षण खात्याकडून संशोधनासाठी पैसे मिळाले होते. त्यांतले बरेच काम मूलभूत स्वरूपाचे होते. मग कलमाचा उपयोग काय? आणि 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर, लोकशाही देशाच्या संरक्षणासाठी काम करणे हे अनैतिक कसे ठरते, याचे उत्तर कलमवाल्यांनी द्यावे. 1937 चे सरकार आणि आजचे सरकार यांत फरक करायचाच नाही असे ठरवणे, यात इतिहासाचा आदर कमी आणि आळस जास्त आहे.

स्प्रेकाठ

टॉलरन्स_शून्य, आपला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि त्याला झटकून टाकता येत नाही. दुहेरी उपयोगाच्या संशोधनात हेतूची रेषा कागदावर आखता येत नाही, हेही बरोबर.

तरीही मी कलमाच्या बाजूने आहे, आणि माझे कारण नीतीचे कमी, कार्यपद्धतीचे अधिक आहे. कलम नसलेल्या विद्यापीठात संरक्षण खात्याचा करार आला तर प्राध्यापक, बाहेरून येणाऱ्या संशोधननिधीचा विभाग आणि कुलगुरू कार्यालय एवढ्यांतच तो संपतो. कलम असलेल्या विद्यापीठात निदान कोणीतरी सिनेटमध्ये उभे राहून 'हा करार ठरावात कसा बसतो' असे विचारू शकते आणि उत्तर इतिवृत्तात जाते. बंदी कितपत परिणामकारक आहे हा वेगळा प्रश्न. पण प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यातून तयार होतो. श्लेसिंगरना काढले तेव्हा, युद्धतंत्रज्ञानाची शाखा निघाली तेव्हा, असा प्रश्न विचारण्याची जागाच संस्थेत उरली नव्हती.

सिनेटची रचनाही यात महत्त्वाची आहे. टीयू बर्लिनच्या अकादमिक सिनेटमध्ये 25 सदस्य असतात: 13 प्राध्यापक आणि बाकीचे 12 म्हणजे संशोधक-सहायक, विद्यार्थी आणि प्रशासकीय-तांत्रिक कर्मचारी यांचे प्रत्येकी 4. प्राध्यापकांना एका मताचे बहुमत आहे ते योगायोगाने नाही. संघराज्याच्या घटना न्यायालयाने 1973 मध्ये निकाल दिला की संशोधन आणि अध्यापन यांच्या निर्णयांत प्राध्यापकांचा प्रभाव निर्णायक राहिला पाहिजे. अध्यक्ष निवडणाऱ्या विस्तारित सिनेटमध्ये मात्र टीयू बर्लिनने चारही गटांना समान वाटा देण्याची वाट धरली. त्यासाठी वर्षानुवर्षे वाद झाले. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आणि पहिल्या वर्षाची मुलगी यांच्या मताला अध्यक्षाच्या निवडीत प्राध्यापकाच्या गटाएवढे वजन, ही गोष्ट आपल्याकडच्या एखाद्या कुलगुरू निवड समितीत मांडून पाहावी, म्हणजे तिचे वेगळेपण कळेल.

यंत्रशाळा

धाग्यावर सिनेट आणि कायदा पुष्कळ झाला. वर्गात काय घडते ते मी सांगतो. मी टीयू बर्लिनमध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी केली.

तेथे 'प्रोयेक्टवेर्कश्टाट' म्हणून एक प्रकार आहे: विद्यार्थी स्वतः विषय सुचवतात, समिती तो मंजूर करते, आणि मग विद्यार्थ्यांमधलेच ट्यूटर मानधनावर तो विषय चालवतात. अशाच एका कार्यशाळेतून 2010 च्या आसपास 'ब्लू इंजिनिअरिंग' नावाचा अभ्यासक्रम तयार झाला, जो पुढे 6 श्रेयांकांचा नियमित विषय झाला. विषय एकच: अभियंत्याची सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारी. प्राध्यापकाचे व्याख्यान त्यात जवळजवळ नसते. तासाचे तयार आराखडे असतात, त्यांना 'बाउश्टाइन' म्हणतात, आणि सत्राच्या उत्तरार्धात प्रत्येक गटाने स्वतःचा नवा बाउश्टाइन रचून वर्गावर चालवायचा असतो.

एका तासाला आम्हाला एक बंद पडलेला विद्युत दाढीयंत्राचा संच आणि पेचकस दिला होता. बॅटरी बदलायची, एवढेच काम. कवचाला स्क्रू नव्हते. प्लास्टिकच्या कड्या होत्या आणि त्या न मोडता उघडत नव्हत्या. आत बॅटरीला पट्टी डाग देऊन जोडलेली. मग आम्हाला वाटून दिलेल्या भूमिकांत बसून वाद घालायचा: एक जण संरचना अभियंता, एक जण खर्च विभाग, एक जण दुरुस्ती करणारा, एक जण ग्राहक. मला खर्च विभाग आला होता. चार स्क्रू आणि त्यांचे सुटे भाग घातले तर जुळणीला किती सेकंद वाढतात याचे गणित मी इतक्या आवेशाने मांडले की शेवटी माझेच मला आश्चर्य वाटले. कड्या असलेली रचना कोणी दुष्टपणाने केलेली नसते. ती अशाच एका बैठकीत, अशाच सेकंदांच्या हिशोबाने ठरते. नीतिशास्त्राच्या शंभर पानांतून जे समजले नसते ते त्या तासात समजले.

मोजपट्टी म्हणतात तशी सक्ती गेली हे खरे, परंतु सक्तीच्या काळात किती जणांनी मानव्यविद्येच्या तासाला झोप काढली असेल याचाही विचार करावा. हा विषय ऐच्छिक आहे आणि वर्ग भरतो.

मोजपट्टी

यंत्रशाळा, उदाहरण उत्तम आहे. ट्यूटरांच्या मानधनाचा उल्लेख आपण सहज करून गेलात, म्हणून मूल्यांच्या हिशोबातली एक वजाबाकी येथे नोंदवतो. बर्लिनमधील विद्यार्थी-कर्मचाऱ्यांसाठी वेगळा वेतनकरार आहे आणि तो जर्मनीत अपवादात्मक आहे, हे बर्लिनच्या बाजूने धरू. पण त्या करारातील ताशी दर 2001 पासून 10.98 युरोवर अडकला होता. भाडी वाढली, महागाई वाढली, दर तेथेच. 2018 मध्ये टीयूसह बर्लिनच्या विद्यापीठांतील विद्यार्थी-कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा तो 12.30 युरोवर गेला. ज्या संस्था सामाजिक जबाबदारीचे विषय अभ्यासक्रमात घेतात, त्यांनीच तो विषय शिकवणाऱ्यांचा पगार सतरा वर्षे गोठवला होता. मूल्ये तपासायची असतील तर सिनेटच्या ठरावाबरोबर वेतनपत्रकही वाचावे.

स्प्रेकाठ

हे मान्य. यात माझ्याकडे बचाव नाही.

जुनी_टिपणे

विषय तांत्रिक विद्यापीठाचा आहे, तरी बर्लिन, विज्ञान आणि मूल्ये हे तीन शब्द एकत्र आले की मराठी वाचकाला इरावती कर्वे आठवाव्यात. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला डॉक्टरेट करत होत्या आणि त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविषयक सिद्धांतांचा पुढे नाझींनी आधार घेतला. कवटीच्या डाव्या-उजव्या भागांतील असमानतेचा वंशाशी संबंध असतो, असे गृहीत धरून त्यांना विषय दिला गेला होता. त्यांनी मोजमापे घेतली, तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला आणि तो प्रबंधात लिहिला. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. त्या काळी त्यांच्या पाठीशी नागरी कलम नव्हते, तक्रारनिवारण अधिकारी नव्हता, सिनेटमध्ये विद्यार्थ्यांचे मत नव्हते.

हे सांगण्याचे कारण असे की चर्चेत आतापर्यंत मूल्य म्हणजे 'काय संशोधन करू नये' एवढाच अर्थ घेतला गेला. आकडे मार्गदर्शकाला हवे तसे न वाकवणे हेही मूल्य आहे, आणि जर्मन विद्यापीठांनी त्याची व्यवस्था फार उशिरा केली. 1997 मध्ये कर्करोग संशोधनातील बनावट आकड्यांचे मोठे प्रकरण उघड झाल्यावर जर्मन संशोधन प्रतिष्ठानाने, म्हणजे डीएफजीने, 1998 मध्ये शिफारशी केल्या. आताची संहिता 2019 ची असून तिच्यात 19 मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती अमलात आणली नाहीत तर संस्थेला डीएफजीचा निधी मिळत नाही. प्रत्येक विद्यापीठात यासाठी स्वतंत्र ओम्बुड्समन असावा लागतो, आणि तरुण संशोधकाला आपल्याच मार्गदर्शकाविषयी शंका असेल तर तेथे गोपनीयपणे जाता येते. मला तर ध्येयधोरणाच्या पानापेक्षा ही निधीची अट अधिक विश्वासार्ह वाटते.

कोथरूड_ते_कार्ल्सरूह

निधीचा विषय निघालाच आहे तर म्युनिकचेही बोलू. म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ स्वतःला अभिमानाने उद्योजक विद्यापीठ म्हणवते आणि त्यात लपवाछपवी नाही. 2019 मध्ये तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्राची संस्था सुरू झाली, ती फेसबुकने देऊ केलेल्या 75 लाख डॉलरांवर. निधीला अटी नाहीत असे दोन्ही बाजूंनी सांगितले. नसतीलही. पण ज्या कंपनीच्या उत्पादनांविषयी नैतिक प्रश्न विचारायचे तिच्याच पैशाने प्रश्नकर्त्यांचे पगार होणार, यावर त्या वेळी जर्मनीत बरीच टीका झाली, आणि ती अनाठायी होती असे मला वाटत नाही. टीयू बर्लिन आणि म्युनिक या दोघांच्या माहितीपत्रकांत समाजहित हा शब्द आहे. एकाच्या डोक्यात समाज म्हणजे नागरिक आणि दुसऱ्याच्या डोक्यात बाजारपेठ, इतका फरक आहे. हे विधान ढोबळ आहे, म्युनिकवाल्यांनी रागावू नये.

चिंतातुर_पालक

सर्वांची चर्चा लक्षपूर्वक वाचली. माझी मुलगी पुण्यात यांत्रिकी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करणार आहे. आपण जे लिहिता आहात ते विचार करायला लावणारे आहे, पण मध्यमवर्गीय घरातून पाहताना पहिला प्रश्न खर्चाचाच येतो. या मूल्यांचा आणि फीचा काही संबंध आहे का? तिला शस्त्रास्त्रांशी संबंधित कामात रस नाही असे ती ठामपणे सांगते. प्रबंधासाठी तसा विषय गळ्यात पडू नये म्हणून आधीच काय पाहावे?

स्प्रेकाठ

नमस्कार. फीचा आणि मूल्यांचा संबंध अगदी थेट आहे. तो कोणी ध्येयधोरणाच्या पानावर लिहीत नाही, इतकेच. टीयू बर्लिन आणि आखनचे तांत्रिक विद्यापीठ येथे भारतीय विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क नाही. सत्रागणिक काही शे युरोंचे अंशदान असते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात, म्हणजे कार्ल्सरूह आणि श्टुटगार्टला, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सत्रापासून सत्राला 1500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांसाठी पदव्युत्तर स्तरावर सत्राला 4000 ते 6000 युरो शुल्क सुरू केले आहे. शिष्यवृत्ती आणि सवलती आहेत, त्या नीट पाहाव्यात. शिक्षण हे सार्वजनिक हित आहे आणि ते पासपोर्ट पाहून विकू नये, ही भूमिका कोणते विद्यापीठ किती काळ टिकवते ते आता दिसेल. बर्लिन राज्यानेही उच्च शिक्षणाच्या निधीत मोठी कपात सुरू केली आहे, त्यामुळे निःशुल्क शिक्षण कायमचे आहे असे धरून चालू नये. अर्जापूर्वी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागते, त्याला वेळ लागतो, तेव्हा ते आधी हातात घ्यावे.

प्रबंधाच्या विषयाचे यंत्रशाळा अधिक चांगले सांगू शकतील.

यंत्रशाळा

प्रबंधाचा विषय विद्यार्थी आणि विभाग यांच्या संमतीने ठरतो. कोणी गळ्यात मारत नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. अनेक जण प्रबंध कंपनीत करतात, कारण तेथे पगार मिळतो, आणि कंपनीचा नागरी कलमाशी काही संबंध नसतो. वाहन उद्योगातील काही पुरवठादार संरक्षणाच्या कामाकडे वळत आहेत, त्यामुळे 'ऑटोमोटिव्ह' असे लिहिलेली जागा नेमकी कशासाठी आहे हे मुलाखतीतच विचारावे. जर्मन लोकांना असा सरळ प्रश्न उद्धट वाटत नाही.

विद्यापीठातच करायचे असेल तर ज्या विभागाकडे अर्ज करायचा त्याच्या चालू प्रकल्पांची यादी मागावी आणि प्रत्येकासमोर निधी कोणाचा आहे ते पाहावे: डीएफजी, संघराज्याचे संशोधन खाते, युरोपीय संघ, की कंपनी. कंपनीचा निधी असेल तर निष्कर्ष प्रसिद्ध करता येतील का, आणि प्रबंधावर 'श्पेरफेरमेर्क', म्हणजे काही वर्षे तो कोणाला न दाखवण्याचा शिक्का, बसणार का, हेही विचारून घ्यावे. तसा शिक्का बसला तर पुढे डॉक्टरेटसाठी अर्ज करताना स्वतःचे काम दाखवता येत नाही. माझ्या ओळखीच्या दोघांची त्यामुळे पंचाईत झाली होती. तिचा विषय यांत्रिकीत नेमका कोणता आहे, उष्णतागतिकी, संरचना की उत्पादन, ते कळवलेत तर कोणते विभाग पाहावेत हे सांगता येईल.

चिंतातुर_पालक

उत्पादन अभियांत्रिकी. म्हणजे श्लेसिंगर यांचा विषय, असे तिने हा धागा वाचून लगेच सांगितले. निधीच्या यादीचे आणि त्या शिक्क्याचे तिने लिहून घेतले आहे. एपीएसची कागदपत्रे या आठवड्यात जमवतो.